अरअरची राई

धुकं दुपारच्या जेवणानंतर यायचं. खाली तिहामाच्या सखल मुलखातून ते कड्याला धरून वर सरकायचं, काठावर पोचलं की जरा थबकायचं आणि मग एकदम अंगावर यायचं. बुलडोझर थांबायचा. हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेनासा व्हायचा. बाळाराम मशीनची करवत बंद करून दगडावर बसायचा आणि ऐकत राहायचा.

झाडं गळत असायची. पाऊस नव्हता, तरी गळत असायची. अरअर म्हणतात त्या सुरूसारख्या झाडांच्या बारीक खवल्याखवल्यांच्या पाल्यात धुकं अडकायचं, त्याचं पाणी व्हायचं आणि ते पाणी टपटप खाली पडायचं. झाडाखालची माती काळी, भिजलेली. झाडाच्या पलीकडे एक पाऊल टाकलं की खडखडीत दगड. फांद्यांवरून दगडफुलाच्या राखाडी दाढ्या लोंबत होत्या. पहिल्या दिवशी विनोदने त्यातली एक ओरबाडून नाकाशी धरली होती.

"काका, मसाल्यातला दगडफूल! आज मटणात घालतंय."

"ठेव थंयच," बाळाराम म्हणाला.

"ठेव काय? तुमच्या बापाशीचा झाड आसा?"

"खालचा पडलेला घे. झाडावरचा काढू नको."

विनोद हसला आणि दाढी खिशात कोंबून चालता झाला. तो बाळारामच्याच वाडीतला, बायकोच्या, आनंदीबाईच्या, माहेरकडून नात्यात लागणारा. काका म्हणायचा, पण ऐकायचा नाही.

महिन्यापूर्वी ही सगळी माणसं गल्फच्या काठावर, सीमेलगतच्या खफजीला होती. समुद्रावर तेलाचं काम करणाऱ्यांसाठी घरं बांधायची होती, आणि बाळाराम तिथे स्लॅबच्या फळ्या ठोकत होता. सीमेपलीकडे तोफा सुरू झाल्या तेव्हा कंपनीने एका बसमध्ये सगळ्यांना कोंबलं. अंगावरचे कपडे आणि गळ्यात अडकवलेले गॅसचे मुखवटे, एवढंच सामान. बाळारामची हत्यारांची पेटी तिथेच राहिली. तिच्यात त्याच्या बापाचा रंधा होता, मुठीशी झिजून गुळगुळीत झालेला. अंगावरच्या डगल्याच्या खिशात तेवढं आलं होतं ते सूत मारायचं रीळ, सुताला लावायच्या लाल हिरमजीची पुरचुंडी आणि एक चपटी पेन्सिल. सुताराजवळ एवढंच उरावं, याची त्याला लाज वाटायची. इथे या डोंगरावर आणून कंपनीने त्याच्या हातात लाकूड जोडायचं नव्हे, तोडायचं यंत्र दिलं होतं.

लष्कराला कड्याच्या माथ्यावर वायरलेसचा मनोरा हवा होता आणि मनोऱ्यापर्यंत रस्ता. माथ्यावर मात्र ती राई होती. इतरत्र डोंगर उघडा, खुरटा. माथ्यावर तेवढी जुनी झाडं एकमेकांना खेटून उभी. त्यांच्या मध्यावर एक असं की त्याच्या बुंध्याला मिठी घालायला चार माणसं लागली असती. बुंधा पिळवटलेला, पोटात ढोली, ढोलीत माणूस उभा राहील एवढी जागा. अर्ध्या फांद्या वाळून चांदीसारख्या झालेल्या, उरलेल्या हिरव्यागार, निळसर फळांनी भरलेल्या.

"माथ्याला अजून हात लावायचा नाही," कादिर फोरमनने सांगितलं होतं. कादिर दापोलीकडचा, गल्फमध्येच केस पिकलेला. "ही इथल्या लोकांची हिमा आहे. जुनी राखलेली जागा. म्हाताऱ्याने अर्ज केलाय. खाली उघड्या खडकावर मनोरा बसतो, असं इंजिनियरपण म्हणतोय. शनिवारी लष्कराचा मोठा साहेब येईल, बघेल, सही करेल. तोवर रस्त्याच्या कडेचं साफ करायचं. यल्ला, उठा."

"आणि सही केली नाय तर?" बाळारामने विचारलं.

"लढाई चालू आहे, बाळाराम. नाही केली तर नाही केली."

म्हातारा म्हणजे मुशब्बब. डोंगराच्या कुशीत त्याचं दगडी घर होतं, पायऱ्या पायऱ्यांची शेतं होती, आणि राईच्या पायथ्याशी एक दगडी टाकं होतं. झाडांनी गाळलेलं पाणी मुरत मुरत त्या टाक्यात यायचं. तो काटक होता, मेंदीने दाढी लाल केलेला, कमरेला जंबिया. पण बाळारामने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं ते डोक्याकडे. म्हाताऱ्याच्या डोक्यावर फुलांची चुंबळ होती. सब्जा, पिवळी रानफुलं, कसलासा सुगंधी पाला, असं सगळं गुंफून केलेली. तिथले डोंगरी पुरुष तशी घालतात, नटायला आणि वासाला. बाळारामला ते ठाऊक नव्हतं. त्याने आजवर डोक्याला फुलं बांधलेला म्हातारा पुरुष एकाच ठिकाणी पाहिला होता: गावच्या राईत, जत्रेला, देवळाच्या पायरीवर.

"ह्यो गुरव," तो विनोदला म्हणाला.

"कोणाचो गुरव?"

"ह्या राईचो."

मुशब्बब रोज दुपारी कॉफीची किटली घेऊन यायचा आणि मोठ्या झाडाच्या मुळावर बसायचा. धुक्यात काम थांबलं की बाळारामला हाताने खूण करायचा. हातात छोटा पेला द्यायचा. कॉफी कडवट, वेलचीच्या वासाची. बाळारामचं अरबी सिमेंट, खिळे, पाणी, उद्या आणि खलास एवढंच. म्हाताऱ्याला तर हिंदीही नव्हती. तरी दोघं बोलायचे. बाळाराम मालवणीत बोलायचा, म्हातारा दर वाक्याला मान हलवून म्हणायचा, "ऐवा." म्हणजे हो. समजलं म्हणून नव्हे. माणूस बोलतो आहे तर त्याला हो म्हणावं म्हणून.

एकदा त्याने बाळारामला राईभोवती फिरवलं. कडेकडेने दगड लावलेले होते, चुन्याने रंगवलेले. दगडाच्या बाहेर त्याने कुऱ्हाड चालवल्यासारखा हात केला आणि मान डोलावली. दगडाच्या आत तसाच हात केला आणि बोट हलवलं, नाही. शेळीसारखा "में" आवाज काढून पुन्हा बोट हलवलं. मग छातीवर हात ठेवला, आकाशाकडे बोट केलं, खाली गावाकडे बोट केलं, आणि म्हणाला, "हिमा."

"समाजला," बाळाराम म्हणाला. "आमच्यात पण असाच. पान तोडूचा झाला तरी देवाक कौल लावतत."

"ऐवा," म्हातारा म्हणाला.

बाळारामला खरंच वाटलं की त्याला समजलं. आकाशाकडे केलेलं बोट त्याने पाहिलं होतं.

गुरुवारी खाली कंपनीच्या ऑफिसातून जीप आली. तिच्याबरोबर बातमी आली की खफजीत लढाई झाली, रस्त्यारस्त्यांत. केबिनमध्ये रेडिओभोवती सगळे उकिडवे बसले. कुणी म्हणालं, कॅम्प जळाला. कुणी म्हणालं, नाही, फक्त पाण्याची टाकी. बाळारामच्या डोळ्यांपुढे पेटीतला रंधा येत होता.

जीपवाल्याने जाता जाता कादिरला आणखी एक सांगितलं, आणि ते बाळारामने ऐकलं. लष्कराला आता घाई आहे. साहेब येईल, पण बहुतेक वरचाच माथा म्हणेल.

"बहुतेक म्हणजे काय ओ?" त्याने कादिरला गाठलं.

"म्हणजे बहुतेक. साहेब मनाने बरा आहे, डोंगरातलाच आहे, असं म्हणतात. म्हाताऱ्यावर भरवसा ठेव."

बाळारामने रात्रभर कूस बदलली. म्हाताऱ्याजवळ चुन्याचे दगड सोडून काय होतं? त्याच्या गावची राई का टिकली? सरकारच्या कायद्याने? नव्हे. राईच्या राखणदार देवाच्या धाकाने. मोजणीवाले एकदा रस्ता आखायला आले होते. बाळारामच्या बापाने आदल्या दिवशी आखणीच्या रेषेत एक उभा पाषाण रोवला, त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं. मोजणीवाल्यांनी टोपी काढून रस्ता वळवला. ती रेषा आजही तिथे वाकडी आहे. इथे या गुरवाने फुलं माळली होती, पण देव उघडा मांडला नव्हता. चुकत होतं ते एवढंच, असं बाळारामला वाटलं. बोलून कुणाला दाखवलं असतं तर बरं झालं असतं. पण तो मनात एक धरून बसणारा माणूस.

शुक्रवारी सुट्टी. कादिर आणि बाकीचे मुसलमान कामगार जुम्म्याच्या नमाजाला खालच्या गावात गेले. विनोद पांघरूण घेऊन पडला होता. बाळारामने जेवणाच्या पेटीतून खाण्याचं तेल घेतलं, आणि किराणावाल्या मल्याळ्याकडून मागे आणून ठेवलेला नारळ डगल्याखाली लपवला.

माथ्यावर धुकं दाटलेलं होतं. त्याने हातभर उंचीचा एक पाषाण निवडला, टोकाला निमुळता. ढोलीत, पूर्वेकडे तोंड करून रोवला. हिरमजीची पुरचुंडी सोडली, तेलात कालवली आणि बोटांनी फासली. हिरमजी शेंदरासारखी उजळ नव्हती, गंजासारखी होती. पण भिजलेल्या काळ्या ढोलीत ती लाल दिसली. नारळ फोडला, अर्धा पुढे ठेवला, पाणी मुळांवर ओतलं. मग चपला काढून, हात जोडून त्याने बापाच्या आवाजात सुरुवात केली:

"बा देवा म्हाराजा! खयचो खय मी हय इलंय. नाव म्हायत नाय तुझा, तरी हाक मारतंय. ही राई तुझी, हे गांवकार तुझे. उद्या कोण साहेब येतलो, त्येका बुद्दी दी म्हाराजा! करवतीक वाट दाखव, पण हय नको, खाली खडकावर दाखव म्हाराजा!"

आणि तो थांबला. इथे सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, हवेतच राहतं. बाळारामने इकडेतिकडे पाहिलं. झाडं टपटपत होती.

"व्हय म्हाराजा," तो स्वतःच हळू म्हणाला. त्याला ते बरं वाटलं नाही. पण दुसरं कोण म्हणणार?

शनिवारी साहेब आला तेव्हा लख्ख ऊन होतं. साहेब तरुण होता, डोळे जागरणाने सुजलेले. त्याच्याबरोबर दोन शिपाई आणि पांढऱ्या दाढीचा एक मौलवी होता. मौलवीला पुढे कुठेतरी जायचं होतं. मुशब्बब नवा सदरा घालून आला होता, डोक्यावर ताजी फुलं. साहेबाने खांद्याला खांदा लावून त्याची भेट घेतली, नाकाला नाक टेकवलं. दोघं बोलत खालच्या खडकाकडे गेले. इंजिनियरने नकाशा उघडला. साहेबाने खडकावर बुटाची टाच आपटून पाहिली आणि मान हलवली.

"खडकावर म्हणतोय," कादिर पुटपुटला. त्याचा चेहरा फुलला. "झालं काम. झाड बघतो म्हणतोय, इतकं जुनं आहे तर."

बाळारामने मनातल्या मनात हात जोडले. देवाने ऐकलं होतं.

साहेब ढोलीपाशी वाकला.

तो तसाच वाकून आत बघत राहिला. मग मौलवी पुढे झाला, त्यानेही पाहिलं, आणि तोंडावरून हात फिरवत काहीतरी म्हटलं. ओरडला नाही. घरात कुणी गेल्यासारखा हळू बोलला. साहेब मुशब्बबकडे वळला. त्याचा आवाज आता वेगळा होता, अदबीचा पण गार.

"काय म्हणतत?" बाळारामने कादिरला विचारलं. कादिरचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"विचारतायत, हे काय आहे. म्हाताऱ्याला विचारतायत, तुम्ही लोक झाडाला पुजता काय." कादिर बाळारामकडे बघत राहिला. मग त्याची नजर बाळारामच्या हातांवर गेली. नखांच्या कडेला हिरमजी अजून बसलेली होती. "या अल्ला. तू?"

"मी... राखणदार मांडलो. म्हटला, त्यांचोच देव..."

"गप. एक अक्षर नको."

मुशब्बब ढोलीपाशी गेला. लाल पाषाण, पुढे ठेवलेली नारळाची वाटी, दोन्ही त्याने पाहिलं. तो आधी समजलाच नसावा. मग समजला, आणि त्याचा चेहरा असा झाला की बाळारामने पुढे आयुष्यभर तो विसरायचा प्रयत्न केला. भर बाजारात कुणी पागोटं उडवावं तसा. डोक्यावरची फुलं त्याने हाताने चाचपली, जणू तीच त्याला आता परकी वाटत होती. तो वळला. एकेका कामगाराच्या हातांवरून त्याची नजर फिरली, विनोदच्या, इंजिनियरच्या, आणि बाळारामच्या हातांवर थांबली.

बाळारामने अर्धं पाऊल पुढे टाकलं. कादिरने त्याचं मनगट एवढं दाबलं की हाड दुखलं.

"मरशील. फटके, जेल, आणि मग घर. आम्हीपण सगळे."

साहेबाने पुन्हा काहीतरी विचारलं. बाळारामला वाटलं, आता म्हातारा बोट करील. करावंच त्याने. मुशब्बबने बाळारामवरून नजर काढली. त्याने वाकून पाषाण उपटला, दोन्ही हातांनी छातीशी धरला, कड्यापर्यंत चालत गेला आणि खाली ढकलला. तो खाली खाली आपटत गेल्याचा आवाज येत राहिला. परत येऊन तो साहेबासमोर उभा राहिला आणि सावकाश बोलला. कादिर भाषांतर करायचा थांबला होता.

"सांगा ना, काय म्हणता तो?"

"म्हणतोय, वाटसरू असेल कुणी. आमच्यात असलं नाही, बापजाद्यांत नाही." कादिरने बाळारामचं मनगट सोडलं. "म्हणतोय, ज्या झाडावरून माझ्या गावाच्या दीनावर, धर्मावर बोट उठतं, ते झाड मला नको. कापा म्हणतोय. आजच कापा."

साहेबाने जमिनीकडे पाहिलं. त्यालाही ते नको होतं, असं वाटलं. पण आता झाड ठेवणं कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. आणि मोठं झाडच गेलं तर बाकीच्यांसाठी मनोरा खाली न्यायचा कशाला? इंजिनियरने नकाशा घडी करून खिशात घातला.

"मला विचारायचंस रे," जीप गेल्यावर कादिर म्हणाला. रागावलाही नाही तो. "एकदा विचारायचंस. ही जागा माणसांनी माणसांना दिलेल्या शब्दावर राखलेली. देव वर आहे, झाडात नाही. झाडापुढे कुणी हात जोडले असं नुसतं कुणाला वाटलं, तरी ह्यांना तोंड दाखवायला जागा नाही."

"त्येनी आकाशाकडे बोट केल्यान..."

"साक्षीला केलं असेल, बाळाराम. शब्दाला साक्ष."

करवत बाळारामच्याच हातात होती. विनोद म्हणाला, "द्या काका, मी करतंय." पहिल्यांदाच तो थट्टेने बोलत नव्हता. बाळारामने मान हलवली. परक्या हाताने कशाला?

त्याने झाडाचा कल पाहिला. उताराच्या बाजूला खाच घेतली. भुसा उडाला तो लाल, मऊ, आणि असा वास सुटला की त्याने करवत क्षणभर मागे घेतली. चपट्या पेन्सिलीला टोक काढताना यायचा तोच वास. आयुष्यभर तो वास कानावर ठेवून फिरला होता. आत गेलं तसतसं लाकूड घट्ट होत गेलं, साखळी किंचाळायला लागली, धूर निघाला, तेल घालावं लागलं. मग ढोलीची पोकळी आली आणि करवत एकदम आत घसरली, रिकाम्या पोटात गेल्यासारखी. विनोदने पाचरी ठोकल्या. फांद्यांतून फळं गारांसारखी पडली. झाड लगेच गेलं नाही. थोडं वळलं, थांबलं, जणू कुणाची वाट बघत होतं. मग मुळांशी काहीतरी तुटलं आणि ते उतारावर आडवं झालं. बाळारामने गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं होतं. ते मिटून त्याने करवत बंद केली.

बाकीची झाडं पाडायला पुढचा आठवडा लागला. मुशब्बब त्या दिवसांत वर आला नाही. वानरांची टोळी एकदा आली, ओंडक्यांवर बसली, हुंगलं, आणि कड्याखाली उतरून गेली. विनोदने रस्सा केला, त्यात दगडफूल घातलं नाही.

माथा साफ झाला त्या दुपारी म्हातारा किटली घेऊन आला. डोक्यावर फुलं नव्हती. उघडं, पांढरं, लहान डोकं. तो बुंध्याच्या कापलेल्या वर्तुळावर बसला नाही. शेजारी जमिनीवर बसला, आणि हाताने खूण केली. बाळाराम गेला. उभा राहिला. म्हाताऱ्याने ओढून बसवलं, पेला भरून हातात दिला. मग त्याने बाळारामचा दुसरा हात आपल्या हातात घेतला, बोटं उलगडली आणि नखांच्या कडा बघत राहिला. तेवढ्या दिवसांनीही हिरमजीची रेघ गेली नव्हती.

"लेश, या सदीक?"

बोलता येत नसलं तरी एवढं अरबी ऐकून ऐकून बाळारामला कळत होतं. का, मित्रा?

त्याच्याजवळ सिमेंट होतं, खिळे, पाणी, उद्या, खलास. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. तो आपल्याच भाषेत बोलायला लागला, आणि बोलता बोलता कधी त्याचा आवाज गाऱ्हाण्याचा झाला ते त्यालाच कळलं नाही.

"मी राखूक गेलंय, म्हाराजा. पाडूक नाय."

"ऐवा," म्हातारा म्हणाला.

"तुमचो देव माका दिसलो नाय, म्हणान माझो आणून ठेवलंय."

"ऐवा."

"तुमी माझा नाव घेतलात नाय. घेवक व्हया होता म्हाराजा. मी तोंड शिवून उभो रवलंय, आणि तुमची राई गेली."

"ऐवा," म्हातारा म्हणाला. "ऐवा."

कड्याच्या काठावर धुकं आलं होतं. नेहमीसारखं ते थबकलं. मग दोघांच्या डोक्यांवरून, ओंडक्यांवरून, नव्याने टाकलेल्या खडीवरून सरळ निघून गेलं. बाळाराम कान देऊन बसला होता. कुठेच काही टपकलं नाही. खाली टाक्याच्या कडेला एक शेळी आटलेल्या तळाशी मान घालून उभी होती, आणि तिला हाकलायला मुशब्बब उठला नाही.